बटण दाबलं की कुठेतरी एक चाक जड होतं: मुलांना वीज शिकवायचे पाच रविवार

"मावशी, सॉकेट उघडं ठेवलं तर वीज सांडत का नाही?" हा प्रश्न मला शेजारच्या सातवीतल्या मुलाने विचारला आणि मला उत्तर देता येईना. आदल्याच रविवारी मी फळ्यावर छान चित्र काढून सांगितलं होतं की धरणातून पाणी जसं नळाला येतं तशी वीज तारेतून आपल्या घरी येते, आणि त्याने ते मनापासून ऐकलं होतं म्हणून तर त्याला हा प्रश्न पडला. नळ उघडा राहिला तर पाणी वाहून जातं, मग प्लगच्या भोकातून वीज का वाहून जात नाही? प्रश्न एकदम बरोबर होता, माझं चित्र चुकलं होतं.

माझे बाबा इथे बडोद्याला मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात वाइंडिंगला होते, आयुष्यभर तांब्याच्या तारेचे वेढे घातले त्यांनी, घरी आले की बोटांना वॉर्निशचा वास यायचा. मी लहान असताना ते एक वाक्य सारखं म्हणायचे, "वीज कुणी डब्यात भरून ठेवलेली नसते गं, आत्ता या घडीला कुणीतरी चाक फिरवतंय म्हणून हा पंखा फिरतोय." मला ते तेव्हा नुसतं ऐकायला छान वाटायचं. त्या मुलाच्या प्रश्नानंतर लक्षात आलं की मुलांना शिकवायची खरी गोष्ट हीच आहे, बाकी धरण, टॉवर, मीटर सगळं हिच्या मागून येतं. आणि ही गोष्ट चित्र काढून कळत नाही, हाताला कळावी लागते.

मग मी सगळं मोडून नव्याने बसवलं. खाली लिहितेय ती पद्धत आठ ते बारा-तेरा वर्षांच्या मुलांबरोबर आमच्या पार्किंगमध्ये करून बघितलेली आहे. पाच रविवार, दर वेळी तासभर, सहा ते दहा मुलं. एकट्या मुलाबरोबर घरीही करता येईल, फक्त दोरीवाल्या खेळाला आजी-आजोबांना धरून आणा.

सामान काय लागेल

पिवळ्या प्लास्टिकची गिअरवाली छोटी मोटर, दुकानात बीओ मोटर म्हणून मागायची, मुलं शाळेच्या रोबोट प्रोजेक्टला वापरतात तीच, चाकासकट घ्या. लाल एलईडी पाच-सहा. पांढरे आणू नका, पांढऱ्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात आणि लाल दोनच्या आत पेटतो, हाताने फिरवताना हा फरक फार पडतो. क्लिपवाल्या वायरी चार. मोटर रीवाइंडिंगवाल्याकडून बारीक इनॅमलची तांब्याची तार, तो वजनावर देतो. दोन-तीन ताकदीचे चुंबक, पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा, दोन पेन्सिल सेल होल्डरसकट, टॉर्चचा अडीच व्होल्टचा बल्ब, १५ मीटर सुती दोरी, पॉलिश पेपर, खडू. बस.

दोन नियम पहिल्या दिवशीच सांगायचे आणि रोज सांगायचे. आपल्या खेळातली कुठलीही वायर घरातल्या प्लगच्या जवळसुद्धा न्यायची नाही, आपलं सगळं काम सेलवर आणि हातावर. आणि चुंबक मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे, कारण हे छोटे ताकदीचे चुंबक पोटात दोन गेले तर आतड्याला आतून एकमेकांना धरून बसतात आणि मामला ऑपरेशनपर्यंत जातो. घरात लहान भावंडं असतील तर चुंबकाचा डबा वरच्या फळीवर.

पहिला रविवार: हाताने फिरवा

काहीही समजावून न सांगता सुरुवात करा. मोटरच्या दोन टोकांना लाल एलईडी क्लिपने जोडा, चाकाच्या कडेला एक स्क्रू बसवून मूठ करा आणि मुलाच्या हातात द्या, म्हणा फिरव. सेकंदाला दोन फेरे झाले की एलईडी पेटतो. नाही पेटला तर उलट्या बाजूने फिरवायला सांगा, कारण एलईडीतून वीज एकाच बाजूने जाते. झटके द्यायचे नाहीत, आतले दाते प्लास्टिकचे असतात, तुटतात.

मोटरला वीज दिली की ती फिरते हे मुलांना माहीत असतं, खेळण्यातली गाडी त्यांनी उघडून बघितलेली असते. तीच मोटर आपण फिरवली की वीज देते हे त्यांना माहीत नसतं, आणि हा क्षण घाईने घालवू नका. आमच्याकडे एका मुलीने वीसेक मिनिटं दुसरं काही केलंच नाही, फिरवायची, थांबायची, परत फिरवायची, आणि मग म्हणाली "थांबले की लगेच जाते, जरापण उरत नाही." मला तेवढंच हवं होतं.

आता पुढची पायरी, आणि माझ्या मते सगळ्या पाच रविवारांमधली ही सगळ्यात महत्त्वाची. एलईडी काढून टाका. मोटरची दोन्ही टोकं मोकळी ठेवून मुलाला फिरवायला लावा, चाक सुळसुळीत फिरेल. आता तो फिरवत असतानाच दोन्ही टोकं एकमेकांना लावा. चाक एकदम जड होतं. माझ्या भाचीला मी डोळे मिटायला सांगितले आणि म्हटलं तू नुसती फिरवत राहा, मी तारा कधी जोडल्या ते हाताने ओळख. दहापैकी दहा वेळा ओळखलं तिने. कपाळाला आठ्या, जीभ ओठाच्या कोपऱ्यात, आणि मी तारा टेकवल्या की लगेच "आत्ता!", सोडल्या की "सुटली!" तारा तर माझ्या हातात होत्या, तिच्या हाताला कसं कळलं? हा प्रश्न तिथेच टाकायचा आणि मुलांना भांडू द्यायचं.

उत्तर असं की तारेतून वीज जायला लागली की मोटरमधलं चुंबक आणि कॉइल एकमेकांना अडवतात, आणि ती अड फिरवणाऱ्याच्या हाताला जाणवते. म्हणजे बटण दाबणं आणि चाक जड होणं या दोन गोष्टी नाहीतच, एकच गोष्ट आहे, तारेच्या एका टोकाला ती उजेड दिसते आणि दुसऱ्या टोकाला वजन. घरी आपण गीझर लावतो तेव्हा कुठेतरी एका मोठ्या चाकाला तेवढंच जड होतं. मुलं हे विसरत नाहीत, कारण ते त्यांच्या मनगटाने शिकलेलं असतं.

वेळ उरला तर दोन एलईडी उलटसुलट जोडा, एकाचा लांब पाय दुसऱ्याच्या छोट्या पायाला. चाक पुढे फिरवलं की एक पेटतो, मागे फिरवलं की दुसरा. आता मुलाला पुढे-मागे, पुढे-मागे करायला सांगा, दोघं आळीपाळीने लुकलुकतील. आपल्या घरची एसी वीज म्हणजे हेच, फक्त सेकंदाला ५० वेळा पुढे आणि ५० वेळा मागे. ५० हर्ट्झ म्हणतात ते हे. एवढं सांगून थांबा.

मोटरच्या आत काय आहे

हा भाग दुसऱ्या रविवारी सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटं. पीव्हीसी पाइपवर बारीक तार गुंडाळायची आणि त्यातून चुंबक हलवायचा. मी पहिल्यांदा पाचशे वेढे घातले, एलईडी ढिम्म. हजाराच्या वर गेल्यावर आणि चुंबक आत ठेवून दोन्ही तोंडं चिकटपट्टीने बंद करून जोरात हलवल्यावर लुकलुकला, दिवसा नाही दिसत, पार्किंगचा दिवा घालवून बघावा लागतो. वेढे मोजायला मुलांना द्या, कंटाळा येऊ दे थोडा, तेव्हा कळतं की वाइंडिंग करणाऱ्याचं काम काय असतं. एक चूक सगळेच करतात, तारेवरचं इनॅमल चमकदार तांब्यासारखंच दिसतं म्हणून तशीच जोडतात. ते कोटिंग आहे, वीज जाऊ देत नाही. दोन्ही टोकं पॉलिश पेपरने इंचभर घासून गुलाबी तांबं दिसेपर्यंत साफ करायची, नाहीतर दुपार फुकट जाते.

मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये हेच पाहिलं होतं, नुसता ठेवलेला चुंबक काही करत नाही, हलता चुंबक तारेत वीज जागी करतो. हा माणूस लहानपणी बुकबाइंडरकडे उमेदवारी करत होता, बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. मुलांना हे जरूर सांगा.

चाक फिरवतं कोण

आता मुलं स्वतःच विचारतात की मग मोठं चाक कोण फिरवतं. इथे नकाशा काढायचा, फळ्यावर नाही, पार्किंगच्या फरशीवर खडूने, मुलांना चालता येईल एवढा मोठा. मध्ये बडोदा. खाली दक्षिणेला नर्मदा आणि केवडिया, वर मही नदी आणि तिच्या काठी वणाकबोरी, खूप खाली तापी जिल्ह्यात काकरापार, आणि बडोद्याजवळून जाणारा नर्मदेचा कालवा. एकेका ठिकाणी एकेक मूल उभं करायचं.

केवडियाला बहुतेक मुलं जाऊन आलेली असतात, पण सरदार पटेलांचा पुतळा बघून येतात, पॉवरहाउस कुणी बघत नाही. तिथल्या सरदार सरोवर धरणाची वीज १४५० मेगावॉट (एक मेगावॉट म्हणजे दहा लाख वॉट), त्यातले २०० मेगावॉटचे सहा संच नदीच्या पात्रातल्या पॉवरहाउसमध्ये आणि २५० मेगावॉट कालव्याच्या तोंडाशी. आणि ही सगळी वीज गुजरातची नाही बरं का, ५७ टक्के मध्य प्रदेशची, २७ महाराष्ट्राची, १६ गुजरातची. आमच्या मुलांचे मामा-मावश्या पुण्या-नाशिकला असतात, त्यामुळे "मग मामाच्या घरी पण इथलीच लाइट जाते?" असं लगेच येतं आणि त्यातून पुढचा रविवार आपोआप तयार होतो. पाण्याचा हिशोबही सांगा, शंभरेक मीटर उंचीवरून पाणी पडत असेल तर एक युनिट वीज काढायला साधारण चार हजार लिटर पाणी खाली सोडावं लागतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या चार काळ्या टाक्या बोट दाखवून मोजा.

वणाकबोरीला कोळसा. कोळसा जळतो म्हणून वीज येते असं मुलं पाठ म्हणतात, मध्ये पाणी आहे हे विसरतात. कोळशाने पाणी उकळायचं, वाफ दाबाने टर्बाइनच्या, म्हणजे पात्यांच्या मोठ्या चाकाच्या, पात्यांवर सोडायची, टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे फिरतं, म्हणजे सेकंदाला ५०, आठवा ते ५०. वाफेचा जोर समजायला घरच्या कुकरची शिट्टी पुरते, लांबूनच बघायची, त्या वाफेवर भिरभिरं धरायचा प्रयोग नेटवर दाखवतात तो अजिबात करू नका, हात भाजतो. वणाकबोरीला आधी २१० मेगावॉटचे सात संच उभे राहिले, नंतर ८०० मेगावॉटचा आठवा. गुजरातमध्ये लिग्नाइट निघतो पण दगडी कोळसा निघत नाही, तो लांबून मालगाडीने येतो. एका युनिटला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जातो, स्वयंपाकघरातला काटा आणून तेवढे दगड मोजून मुलांच्या हातात द्या.

काकरापार म्हणजे अणुवीज, २२० मेगावॉटचे दोन आणि ७०० चे दोन संच. तिथे आग नसते, अणू फुटून उष्णता निघते, पण पुढे परत पाणी, वाफ, टर्बाइन. पवनचक्कीत वारा थेट पातं फिरवतो. म्हणजे धरण असो, कोळसा असो, अणू असो, वारा असो, शेवटी सगळे आपल्या भाचीसारखे चाकच फिरवतायत. फक्त सोलर वेगळं, त्यात काही फिरत नाही, ऊन पडलं की पॅनलमधूनच वीज निघते. आपल्या बडोद्याच्या कालव्यावर १० मेगावॉटचं सोलर बसवलंय, २०१५ च्या जानेवारीत युनोचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून उद्घाटनाला आले होते. कालव्यावर का, तर वेगळी जमीन लागत नाही आणि खालचं पाणीही कमी उडून जातं.

तिसरा रविवार: दोरी

सांडण्याच्या प्रश्नाचं उत्तर इथे. १५ मीटर दोरीची दोन टोकं घट्ट बांधून मोठं कडं करा, मुलांना गोलात उभं करा, प्रत्येकाने दोरी दोन्ही मुठींत सैल धरायची, सरकू द्यायची. एक मूल म्हणजे पॉवरहाउस, त्याने दोरी सतत एका हाताने ओढून दुसऱ्या हाताने पुढे सोडत राहायचं. सगळीकडची दोरी एकदमच हलायला लागते. पॉवरहाउसपासून निघालेला दोरीचा तुकडा समोरच्या मुलाकडे पोचायला वेळ लागतो पण हलणं लगेच पोचतं. तारेतही असंच, वीज वाहून नेणारे कण तारेत आधीपासूनच भरलेले असतात, धरणातून निघून आपल्या घरी येत नाहीत, आणि एसीत तर जागच्या जागीच पुढे-मागे हलतात.

आता समोरच्या एका मुलाला म्हणा मूठ जरा आवळ. दोन गोष्टी होतात, त्याच्या तळहाताला गरम लागतं आणि पॉवरहाउसवाल्याला ओढायला जड जातं. तो गरम हात म्हणजे इस्त्री. आणखी एकाने आवळलं की आणखी जड. सगळ्यांनी आवळलं की दोरी थांबते. मग दोरी एका ठिकाणी सोडा, म्हणजे गाठ उघडा, आणि म्हणा ओढ. दोरी गोल फिरतच नाही. सॉकेट उघडं असलं म्हणजे कडं तुटलेलं आहे, हवा ते कडं जोडत नाही, म्हणून वाहणं नाही आणि सांडणं नाही. त्या सातवीतल्या मुलाने इथे माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. आणि मग त्यानेच सांगितलं की आपण बोट घातलं तर आपण कडं जोडतो, तारेतून आपल्यातून जमिनीत. हे मी सांगायची गरज पडली नाही.

याच खेळात एक मूल गोत्रीला उभं करायचं. गोत्री रोडला राज्याचं लोड डिस्पॅच सेंटर आहे, आपल्या गावात, आणि तिथे बसलेली माणसं दिवसरात्र हेच बघतात की जेवढी मागणी तेवढंच फिरवलं जातंय ना. मागणी वाढली आणि जोर तेवढाच राहिला तर सगळी चाकं थोडी हळू होतात, ५० चं ४९ पूर्णांक काहीतरी व्हायला लागतं. ठेवायचं असतं ४९.९० ते ५०.०५ च्या मध्ये. खेळात गोत्रीवाल्याने दोरीकडे बघत "जोर लाव", "सैल सोड" ओरडायचं, मुठी कोण आवळणार हे त्याला आधी माहीत नसतं. पाच मिनिटांत घाम फुटतो.

५ एप्रिल २०२० ची गोष्ट इथे सांगा, रात्री ९ वाजता ९ मिनिटं देशभर लोकांनी घरातले दिवे घालवले होते तेव्हा मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली, आणि ग्रिडवाल्यांनी, म्हणजे देशभरच्या तारांचं जाळं सांभाळणाऱ्यांनी, धरणांची वीज झटपट कमी करून आणि परत वाढवून ती सांभाळली. कोळशाचं पॉवरहाउस असं पटकन हळू होत नाही, पाण्याचं होतं.

कुणीतरी इन्व्हर्टरचं विचारेलच, तो तर साठवतो. हो, साठवतो, पण एका घराचं तीन-चार तासांचं, अख्ख्या शहराचं नाही. मोठ्या प्रमाणात साठवायची एक जुनी युक्ती म्हणजे पाणी परत वर चढवून ठेवणं, आणि सरदार सरोवराच्या नदीपात्रातल्या मशिनी उलट्या चालवून पंप करता येतील अशाच बनवलेल्या आहेत.

चौथा रविवार: सुट्टे पैसे

टॉवरवर लाखो व्होल्ट आणि घरात २३० का? आधी एक छोटा प्रयोग, दोन सेलवर टॉर्चचा बल्ब पेटवा, मग मध्ये तीच बारीक वाइंडिंगची तार वीसेक मीटर घाला. बल्ब मंद होतो, कधीकधी नुसता लाल धागा दिसतो. लांब तारेने वीज वाटेत खाल्ली आणि गरमीत घालवली.

आता मुलांना विचारा, एक लाख रुपये केवडियाहून बडोद्याला आणायचेत, एक रुपयाच्या नाण्यांत आणाल की पाचशेच्या नोटांत? नाणी एक लाख, पोती भरतील. नोटा दोनशे, खिशात मावतील. नोटेची किंमत म्हणजे व्होल्टेज, नोटांची संख्या म्हणजे करंट. तारेला त्रास संख्येचा होतो, किमतीचा नाही. आणि तो त्रास साधा वाढत नाही, करंट दुप्पट झाला तर वाटेतलं नुकसान चौपट. म्हणून पॉवरहाउसच्या दारातच ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज २२० किंवा ४०० केव्हीपर्यंत चढवतात, एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट. मग गावाजवळ आल्यावर उतरवायचं कशाला? कारण सेवउसळवाला पाचशेची नोट घेत नाही. सुट्टे करावे लागतात, गुजरातमध्ये आधी ६६ केव्ही, मग ११ केव्ही, आणि आपल्या गल्लीतल्या डीपीत, म्हणजे कुंपणातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर, शेवटचे सुट्टे, तीन फेजला ४१५ आणि एका घराला २३०. सुट्टे केले म्हणून पैसे वाढत नाहीत आणि कमी होत नाहीत (थोडं गरम होण्यात जातं, तेवढं कमिशन समजा). ट्रान्सफॉर्मरच्या आत दोन कॉइल असतात, एकीला जास्त वेढे, एकीला कमी, दोघींच्या मध्ये लोखंडी गाभा, वायरीने जोडलेल्या नसतात. एकीतली वीज पुढे-मागे होते, गाभ्यातलं चुंबकत्व तसंच पुढे-मागे होतं, दुसरीत वीज उठते. पाइपातला हलता चुंबक आठवा. वेढ्यांचा हिशोब तोच व्होल्टेजचा हिशोब, माझ्या बाबांनी तीसेक वर्षं हेच मोजलं.

मग सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. हायवेला लागलात की टॉवर दिसतात, लांबून, रस्त्याच्या कडेने, खाली जायचं नाही. तार टॉवरला थेट बांधलेली नसते, चिनीमातीच्या किंवा काचेच्या चकत्यांच्या माळेला लटकते. त्या चकत्या मोजायला लावा, ६६ केव्हीला साधारण पाच-सहा, २२० ला चौदाच्या आसपास, ४०० ला तेवीसच्या आसपास. हल्ली काही लाइनींवर चकत्यांऐवजी एकच लांब पॉलिमरचा दांडा असतो, तिथे मोजता येत नाही. तारा तिनाच्या पटीत असतात, तीन किंवा सहा, आणि सगळ्यात वर टॉवरच्या टोकाला एखाददुसरी बारीक, ती वीज वाहून न्यायला नाही, आकाशातली वीज झेलायला. येताना गल्लीतल्या डीपीच्या कुंपणाबाहेर उभं राहून गुणगुण ऐका. दिवसभर ट्रॅफिकमध्ये ऐकू येत नाही, सकाळी सातच्या आत जा.

पाचवा रविवार: मीटर

मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक ते छापलेलं असतं, पुष्कळ मीटरवर ३२००, काहींवर १६००, आपलं बघून घ्या. मोठ्या माणसाने सगळं बंद करून फक्त इस्त्री लावायची, मुलांनी घड्याळ धरून मोजायचं. ३२०० चं मीटर आणि १००० वॉटची इस्त्री असेल तर मिनिटाला ५३ च्या आसपास येतात. जुना ७५ वॉटचा पंखा, मिनिटाला चार. नऊ वॉटचा एलईडी बल्ब, दोन मिनिटांत एक, मुलं वाट बघून कंटाळतात आणि मग त्यांना बल्ब आणि गीझरमधला फरक कळतो, २००० वॉटचा गीझर शंभराच्या वर जातो, मोजताना जीभ अडखळते. मधेच इस्त्री गरम होऊन आपोआप बंद होते तेव्हा ठिपकाही थांबतो, हे मुलांनाच पकडू द्या.

एक युनिट म्हणजे हजार वॉट तासभर. धडधाकट माणूस सायकल मारत राहिला तर १०० वॉटच्या आसपास काढेल, म्हणजे दहा तासांत एक युनिट. लाइट बिलावरचे युनिट वाचा आणि गुणा. आमच्याकडे बिल निघालं तेव्हा भाचीने तोंडाने गुणाकार केला आणि उठून पॅसेजचा दिवा घालवून आली, कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी प्लगची तीन टोकं, हातात सुटा प्लग घेऊन. वरची अर्थची पिन लांब आणि जाड का, तर आत जाताना सगळ्यात आधी लागावी आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटावी, शिवाय भोकांवरचे पडदे तिनेच उघडतात. घरात आरसीसीबी आहे का ते मेन बोर्डावर बघा, ३० मिलिअँपियर लिहिलेलं असतं, वीज गेली तेवढी परत आली नाही, म्हणजे कुणाच्या अंगातून जमिनीत चालली, तर ती क्षणात तोडते. त्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा मोठ्यांनी दाबायचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा कित्येक भागांत लाइट मुद्दाम बंद ठेवली होती, तेव्हा मुलं चिडली होती. आता विचारलं तर ती स्वतः सांगतात की पाण्यात बुडालेला बोर्ड म्हणजे जोडलेलं कडं.

आणि हे सगळं डिसेंबरच्या आत संपवा, कारण इथे जानेवारीत उत्तरायण आहे, म्हणजे पतंगांची संक्रांत. बडोद्यात १४ आणि १५ तारखेला कुणी खाली नसतं, सगळे गच्चीवर, आणि गल्ल्यांमधून ११ केव्हीच्या तारा गच्चीच्या उंचीनेच जातात. आमच्या मुलांनी गच्चीच्या भिंतीवर खडूने स्वतःच लिहिलंय, मोठ्या अक्षरात, शुद्धलेखनाच्या चुकांसकट: तारेत अडकलेली पतंग तारेची. दोऱ्याला दगड बांधून लंगर टाकायचा नाही. लोखंडी सळई, ओला बांबू न्यायचा नाही. चकाकणारा मांजा नाही, त्यात धातू असतो. मांजा तारेत अडकला तर ओढायचा नाही, हातातून सोडून द्यायचा. डीपीच्या कुंपणात पडलेली पतंग आणायला जायचं नाही, लाइट बिलावर तक्रारीचा नंबर आहे, मोठ्यांना फोन करायला सांगायचं. खाली कुणीतरी पक्षी काढून विचारलंय, मग कबूतर कसं बसतं? त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात उत्तर आहे: एकाच तारेवर बसतं, कडं जोडत नाही.